लांबलेलें आयुष्य आणि जुनें गुपित

भिवंडी तालुक्यांत तानसा नदीच्या कांठीं वसलेलें वज्रेश्वरी हें गांव मुंबईकरांना दोन कारणांनीं परिचित आहे. १७३९ सालीं वसईच्या मोहिमेवर असतांना चिमाजीअप्पांनीं देवीला नवस केला आणि किल्ला हातीं आल्यावर येथील देऊळ उभें राहिलें, असें परंपरा सांगते. दुसरें कारण ऊन पाण्याच्या कुंडांचें. वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी या जवळजवळच्या गांवांतून जमिनीच्या पोटांतलें कढत पाणी वर येतें, आणि संधिवातानें आंखडलेले गुडघे किंवा खाज-इसबानें त्रासलेली त्वचा घेऊन माणसें पिढ्यान् पिढ्या त्या पाण्यांत येऊन बसत आलीं आहेत. कुंडाच्या पायरीवर शेजारी शेजारी बसलेल्या दोन अनोळखी वृद्धांना एकमेकांचें दुखणें विचारावयास संकोच वाटत नाहीं. गुडघ्याची हकीकत हीच तेथें ओळखीची सुरुवात असते.

परंतु त्याच पायरीवर आज असाहि एखादा वृद्ध बसलेला असूं शकेल, कीं जो गुडघ्याविषयीं घटकाभर बोलेल आणि आपल्या दुसऱ्या दुखण्याविषयीं चकार शब्द काढणार नाहीं. तें दुखणें एच्. आय्. व्ही.चें. पंचवीस वर्षांपूर्वीं ज्यांनीं म्हातारें व्हावें अशी कोणाचीच अपेक्षा नव्हती, स्वतः त्यांचीहि नव्हती, अशीं ही माणसें आतां साठीच्या, सत्तरीच्या घरांत आलीं आहेत. त्यांच्या शरीराचा प्रश्न औषधानें बराचसा सोडविला. त्यांच्या मनाचें काय, हा प्रश्न मात्र अजून फारसा कोणी विचारीत नाहीं.

हा विषाणू शरीराची प्रतिकारशक्ति आंतून पोखरतो. भारतांत त्याचा पत्ता प्रथम १९८६ सालीं मद्रासेंत लागला. पुढील दहापंधरा वर्षांत निदान झालें कीं घरचीं माणसें मोजके दिवस उरले असें समजून चालत, आणि तें बहुधा खरें ठरे. औषधें होतीं, पण तीं परदेशांत, आणि त्यांची किंमत येथील मध्यमवर्गालाहि झेपणारी नव्हती. २००१ सालीं मुंबईच्या सिप्ला कंपनीनें तीन औषधांचा वर्षाचा पुरवठा ३५० डॉलरांत देण्याची तयारी दाखविली आणि जगभर त्या किमतीचा बोलबाला झाला. १ एप्रिल २००४ रोजीं भारत सरकारनें हे उपचार विनामूल्य देण्यास आरंभ केला. पहिल्या आठ केंद्रांत मुंबईचें जे. जे. रुग्णालय होतें. २०१७ पासून निदान होतांच, प्रतिकारशक्ति किती उरली आहे हें न पाहतां, औषध सुरू करण्याचें धोरण आलें. पूर्वीं मूठभर गोळ्या घ्याव्या लागत. आज बहुतेकांस दिवसाला एक पुरते. देशांत या विषाणूसह जगणाऱ्यांची संख्या सुमारे २५ लक्ष आहे आणि त्यांत महाराष्ट्राचा वांटा सर्व राज्यांत मोठा आहे. चाळिशींत औषध सुरू केलेला मनुष्य आज साठी ओलांडून गेला आहे. या रोगाच्या अभ्यासांत पन्नाशी उलटलेल्यांनाच ज्येष्ठ म्हणण्याचा प्रघात आहे. यावरूनच पूर्वींची अपेक्षा किती तोकडी होती तें कळून येतें.

येथेंच गोष्टीचा पेंच आहे. निदान झालें तेव्हां बहुतेकांनीं एकच उपाय योजिला, तो म्हणजे कोणास न सांगण्याचा. त्या वेळीं तो उपाय शहाणपणाचा होता. नोकरी टिकली, मुलींचीं लग्नें झालीं, चाळींतलें पाणी बंद झालें नाहीं. पण हें गुपित थोड्या वर्षांच्या हिशेबानें बांधलेलें होतें. मांडवासाठीं रोंवलेल्या खांबांवर कोणी दुमजली घर चढवावें, तसें त्यावर आतां पंचवीस-तीस वर्षांचें आयुष्य येऊन बसलें आहे.

तरुण रुग्णांपेक्षां वृद्ध रुग्णांना अधिक भीति कां वाटते, याचें उत्तर त्यांच्या स्मरणांत आहे. १९८९ सालीं गोव्यांत डॉमिनिक डिसोझा या तरुणानें रक्तदान केलें. त्या रक्तांत विषाणू आढळला, आणि कायद्याचा आधार घेऊन पोलिसांनीं त्याला धरून क्षयरोग्यांच्या एका जुन्या इमारतींत दोन महिन्यांहून अधिक काळ एकट्याला डांबून ठेवलें. त्यानें न्यायालयांत दाद मागितली, पुढें आपल्यासारख्यांसाठीं संस्था काढली आणि १९९२ सालीं तो वारला. ज्यांनीं हें त्या वेळच्या वर्तमानपत्रांत वाचलें, ते आज साठीचे आहेत. रुग्णालयांत खाटेला लावलेली पाटी आणि मृतदेहाला हात लावण्यास नकार देणारे नातेवाईक ज्यांनीं पाहिले, त्यांच्याहि बाबतींत तेंच. १९९७ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें केवळ या विषाणूमुळें काम करण्यास समर्थ मनुष्याची नोकरी हिरावतां येत नाहीं असा निर्णय दिला. २०१७ सालीं संसदेनें स्वतंत्र कायदा केला व तो १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलांत आला. या सर्व गोष्टी झाल्या. पण कायदा बदलला म्हणून तरुणपणीं मनांत बसलेली भीति आपोआप उठून जात नाहीं.

वज्रेश्वरीच्या आसपासच्या एखाद्या पाड्यावर राहणाऱ्या बासष्ट वर्षांच्या विधवेची कल्पना करावी. पति मालमोटारीवर होता. शिरसाडहून अंबाडीकडे जाणारा रस्ता वज्रेश्वरीवरूनच जातो, आणि भिवंडीच्या गुदामांच्या मालावर या भागांतील कितीतरी घरें चालतात. तो गेला तेव्हां गांवांत काविळीचें नांव सांगितलें गेलें. मागाहून तिची तपासणी झाली आणि औषध सुरू झालें. तिच्यासारख्या बहुसंख्य स्त्रियांना हा आजार नवऱ्याकडूनच आलेला असतो, तरी त्याची लाज मात्र त्याच वाहतात. औषधासाठीं ती मुद्दाम लांबच्या केंद्रावर जाते, कारण जवळच्या केंद्राच्या बांकावर ओळखीचें कोणी भेटेल. मुलाला अर्धवट ठाऊक आहे. सुनेला मुळींच नाहीं. गोळ्यांच्या बाटलीवरचा कागद ती घरीं येण्यापूर्वींच सोलून टाकते. आपलें ताट-पेला ती वेगळा ठेवते आणि त्याला उपासतापासाचें निमित्त सांगते. नातवाला मांडीवर घेते, पण आपल्या ताटांतला घांस त्याच्या तोंडीं घालतांना तिचा हात मागें येतो.

हें तिनें स्वतःच स्वतःवर लादलेलें सोवळें-ओवळें होय. त्याला शास्त्राचा कांहींएक आधार नाहीं. एका ताटांत जेवल्यानें, एका कुंडांत स्नान केल्यानें, मिठी मारल्यानें, मुका घेतल्यानें हा विषाणू कधींच जात नव्हता. आणि नियमित औषधानें रक्तांतील विषाणू मोजमापांत न येण्याइतका कमी झाला, तर शरीरसंबंधांतूनहि तो दुसऱ्याला लागत नाहीं, हें गेल्या दहा वर्षांत युरोपांतील मोठ्या अभ्यासांनीं निःसंशय दाखविलें आहे. ही एक वार्ता तिच्या कानीं नीट पोंचली, तर कित्येक गोळ्यांपेक्षां तिचा गुण अधिक येईल. पोंचत नाहीं याचें एक कारण असें कीं, वयस्क विधवेशीं असल्या विषयावर बोलण्याचें औषध देणाऱ्यांनाहि अवघड वाटतें.

तरुणपणीं हें गुपित एकट्यानें पेलतां येई. म्हातारपण मात्र माणसाला परस्वाधीन करतें, आणि गुपित सर्वप्रथम तेथेंच अडखळतें. मोतीबिंदू झाला कीं बाटलीवरचीं अक्षरें दिसत नाहींत. विसराळूपणा आला कीं रात्रीची गोळी घेतली कीं नाहीं याचा संशय पडतो. गुडघे गेले कीं एस्. टी.ची पायरी चढवत नाहीं, आणि केंद्रापर्यंत सोबतीला कोणी लागतें. त्यांतच या आजारांत हृदयविकार, मधुमेह, हाडांची झीज हीं म्हातारपणचीं दुखणीं कांहींशीं लवकर गांठतात. म्हणजे आणखी एक डॉक्टर, आणखी औषधें. आणि त्या दुसऱ्या डॉक्टरला पहिलें औषध ठाऊक नसतें. गांवचा डॉक्टर हाडांसाठीं चुन्याच्या क्षाराच्या गोळ्या देतो किंवा पित्तावर आम्लनाशक चूर्ण देतो. आज सर्वत्र चालूं असलेल्या डोल्यूटेग्राव्हीर या औषधाबरोबर तीं उपाशीं पोटीं एकाच वेळीं घेतलीं, तर तें औषध अंगांत नीट भिनत नाहीं. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनचें प्रमाणहि या औषधाबरोबर बेतून द्यावें लागतें. ज्यांना दुसऱ्या टप्प्याचें, रिटोनाव्हीर असलेलें औषध चालूं आहे, त्यांच्या गुडघ्यांत स्टेरॉइडची कांहीं इंजेक्शनें देणें धोक्याचें ठरतें. गुपित राखण्याची किंमत अशी मनाबरोबर शरीरालाहि मोजावी लागते.

कुंडांच्या संबंधांतहि एक सूचना येथेंच केलेली बरी. २००४ नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत स्टाव्ह्युडीन नांवाचें औषध पुष्कळांना दिलें गेलें. त्यानें प्राण वांचले, पण कित्येकांचीं गालफडें बसलीं आणि पाय बधिर झाले. तें औषध पुढें बंद झालें. बधिरपणा मात्र अनेकांच्या पायांत राहून गेला. अशा पायांना कढत पाण्याचा चटका कळत नाहीं, आणि भाजल्याचें ध्यानांत येतें तें फोड आल्यावर. मधुमेह्यांनाहि हाच इशारा लागू आहे. पाण्याची ऊब आधीं हाताच्या कोपरानें पाहावी, किंवा सोबत्याला पाहावयास सांगावें.

आतां मनाच्या बळाविषयीं. आपल्याकडे मनोधैर्य म्हटलें म्हणजे ओंठ आवळून सोसणें असा अर्थ घेतला जातो, आणि वर वर्णिलेली विधवा या अर्थानें विलक्षण धैर्यवान ठरेल. वीस वर्षें ती सोसतेच आहे. पण सोसणें आणि सांवरणें या दोन भिन्न गोष्टी आहेत. वेताची कांठी वांकते आणि सोडल्यावर सरळ होते. लाकडाची वांकत नाहीं म्हणून कौतुक होतें, आणि एक दिवस ती मोडते. मनाचा खरा चिवटपणा वेताच्या जातीचा असतो, आणि तो जन्मजात गुण नसून बाहेरच्या आधारांवर पुष्कळसा अवलंबून असतो. शिवाय, झोंप उडणें, अन्नावरची वासना जाणें, कशांतच मन न रमणें हें आठवडेच्या आठवडे टिकलें, तर तो खिन्नतेचा विकार होय, आणि त्यावर उपचार आहेत. त्याला वयाचा किंवा स्वभावाचा दोष समजून बसूं नये. कांहीं जुन्या रुग्णांच्या बाबतींत तर खुद्द औषधाचाच त्यांत हात असे: इफाव्हिरेन्झ हें रात्रीं घ्यावयाचें औषध कित्येकांना भयंकर स्वप्नें आणि उदासीनता देई. गेल्या कांहीं वर्षांत बहुतेकांचें तें बदललें. ज्यांचें अद्याप चालूं असेल त्यांनीं डॉक्टरांना हें सांगावयास हवें.

अमेरिकेंत सिॲटलच्या परिसरांतील पन्नाशी उलटलेल्या पंचवीस रुग्णांना चार्ल्स एम्लेट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं त्यांच्या तगून राहण्याविषयीं विचारलें. तो अभ्यास २०११ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांच्या उत्तरांत जगण्याची इच्छा, आशा, आपल्या स्थितीचा स्वीकार, स्वतःची काळजी स्वतः घेणें, माणसांशीं नातें अशा गोष्टी आल्या. त्यांत एक गोष्ट विशेष लक्षांत घेण्यासारखी आहे: आपल्या मागून येणाऱ्यांसाठीं आपला कांहीं उपयोग व्हावा, ही ओढ. आपल्याकडे याचें निराळें शास्त्र शिकवावें लागत नाहीं. नातवंडाला शाळेंत पोंचविणारी आजी आणि लोणच्याच्या फोडींना मीठ किती तें सुनेनें जिला विचारावें अशी सासू, यांना आपण अद्याप लागतों आहों हें ठाऊक असतें. आजारी माणसाला विश्रांति द्यावयाची म्हणून त्याच्या हातचें सर्व काम काढून घेण्याची जी रीत आहे, ती मायेपोटीं असली तरी त्याचें मोठें नुकसान करते.

दुसरें उदाहरण आफ्रिकेंतील झिंबाब्वेचें. मानसोपचाराचे डॉक्टर त्या देशांत बोटांवर मोजण्याइतके. डिक्सन चिबांडा या डॉक्टरांनीं २००६ सालीं हरारे शहरांतील दवाखान्यांच्या आवारांत लांकडी बांक ठेविले आणि त्यांवर मोहल्ल्यांतल्या वयस्क आज्या बसविल्या. या आज्या आरोग्यखात्याच्याच साध्या कार्यकर्त्या होत्या. त्यांना थोड्या दिवसांचें शिक्षण दिलें गेलें. तेथील शोना भाषेंत खिन्नतेला जो शब्द आहे त्याचा अर्थ 'फार विचार करणें' असा आहे. आपल्या बायका 'डोक्यांत नुसते विचार येतात' म्हणतात, तेंच. आजी प्रथम ऐकून घेई, मग अनेक दुःखांतून एक, हातीं धरतां येण्याजोगें, निवडावयास सांगे, आणि त्यावर या आठवड्यांत काय करतां येईल तें दोघी मिळून ठरवीत. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या चांचणींत ५७३ रुग्ण होते व त्यांतील पांचांत दोघांना एच्. आय्. व्ही. होता. सहा महिन्यांनंतर बांकावर आलेल्यांत खिन्नतेचीं लक्षणें इतरांपेक्षां पुष्कळच कमी आढळलीं. गोव्यांतहि 'संगाथ' या संस्थेनें डॉ. विक्रम पटेल यांच्या मार्गदर्शनाखालीं प्राथमिक आरोग्य केंद्रांतून असाच प्रयोग केला. पदवीधर मानसशास्त्रज्ञ नसलेल्या, पण नीट शिकविलेल्या स्थानिक माणसांनीं सहा ते आठ भेटींत खिन्न रुग्णांना पुन्हां दिनक्रमाला लावलें. वज्रेश्वरीसहि प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, आशा कार्यकर्त्या आहेत, आणि बांक करावयास सुताराची वाण नाहीं.

मात्र अडचण झांकून ठेवूं नये. हरारेची आजी त्याच मोहल्ल्यांतली असे, हें तिचें बळ होतें. आपल्या गांवांत तेंच भयाचें कारण ठरतें: जी आशा ताई ऐकून घेईल, ती संध्याकाळीं पाणवठ्यावर काय बोलेल? म्हणून एच्. आय्. व्ही.च्या रुग्णांसाठीं ऐकणारी व्यक्ति शेजारच्या गांवची असावी किंवा ए. आर्. टी. केंद्रांतलीच असावी. तेथें समुपदेशक आहेत. परंतु २०२० पासून प्रकृति स्थिर असलेल्यांना एकाच वेळीं दोन-तीन महिन्यांचें औषध देण्याची सोय सर्वत्र वाढली. फेऱ्या वांचल्या, पैसे वांचले, आणि त्याबरोबर ती एकच जागा, जेथें या माणसाला खोटें बोलावें लागत नव्हतें, तिच्याशीं येणारा संबंधहि तुटपुंजा झाला. सरकारी सवलतींचेंहि असेंच दुधारी आहे. संजय गांधी निराधार योजनेंत एड्सच्या रुग्णांचा समावेश आहे, पण अर्जाचा कागद तहसिलींत किती टेबलांवरून फिरेल या धास्तीनें कित्येक तो अर्जच करीत नाहींत.

मग सांगावें कोणाला? सर्वांना, असें उत्तर देणारे उत्साही लोक आहेत. तें उत्तर अविचाराचें आहे. घर ज्या मुलाच्या नांवावर आहे आणि जो दारू पिऊन भांडतो, त्याला सांगून विधवेनें उघड्यावर पडावें काय? कायदा तिच्या बाजूनें आहे: तिच्या संमतीवांचून तिची स्थिति उघड करण्याचा अधिकार डॉक्टरलाहि नाहीं, अपवाद अगदीं थोडे, आणि तक्रारीसाठीं राज्यानें लोकपाल नेमावा अशीहि तरतूद आहे. पण कायद्याचा दरवाजा ठोठावीपर्यंत रात्र कोठें काढावयाची, हा प्रश्न उरतोच. म्हणून एका व्यक्तीला सांगावें, आणि तीहि निवडून. पुष्कळदां ती मुलगा नसते. लग्न होऊन गेलेली मुलगी किंवा बहीण असते, कधीं त्याच आजाराची मैत्रीण असते. सांगणें रुग्णालयाच्या खाटेवर, तापाच्या भरांत होऊं नये. प्रकृति चांगली असतांना, घरांत भांडण नसतांना, आणि औषधाचा कागद हातांत घेऊन व्हावें, म्हणजे ऐकणाऱ्याला मृत्यूची वार्ता न वाटतां एका चालूं असलेल्या उपचाराची वाटते. एकटीला धीर होत नसेल तर समुपदेशकासमोर सांगण्याची सोय केंद्रांतच करतां येते.

शहरांतल्या सुशिक्षित घरांना हा प्रश्न दूरचा वाटण्याचा संभव आहे. तो भ्रम होय. रक्तपेढ्यांतील तपासणी १९८९ पासून सक्तीची झाली. त्यापूर्वीं आणि त्यानंतरहि कांहीं काळ रक्तांतून हा आजार ज्यांच्या अंगीं आला, त्यांत चांगल्या घरचीं, शिकलीं-सवरलीं माणसें होतीं, आणि इतर मार्गांनींहि हा विषाणू बंगला आणि झोंपडी असा भेद करीत नाहीं. भेद एवढाच, कीं सुशिक्षित घरांत गुपित अधिक चांगलें राखलें जातें. उद्यां एखादी मावशी किंवा निवृत्त झालेला काका दार लोटून घेऊन कांहीं सांगूं लागला, तर ऐकणाऱ्याच्या तोंडून हटकून जो प्रश्न निघतो तो 'हें झालें कसें?' हा असतो. तेवढा एक प्रश्न गिळावा. त्याच्या उत्तरानें आतां कोणाचेंच कांहीं बरें होणार नाहीं, आणि सांगणाऱ्याला पंचवीस वर्षें ज्याची धास्ती वाटत होती तो नेमका तोच असतो. त्याऐवजीं औषध कोणत्या वेळेला असतें, पुढची तारीख केव्हां आहे, आणि दुसऱ्या डॉक्टरांना तें ठाऊक आहे काय, हें विचारावें. पुढच्या तारखेला सोबत जावें. केंद्राच्या बांकावर बसावें लागेल; तेथें पुष्कळ वेळ जातो, डबा न्यावा.

ज्यांना घरांत कोणीच नाहीं किंवा सांगण्याजोगें कोणी नाहीं, त्यांच्यासाठीं १०९७ हा दूरध्वनीचा क्रमांक आहे. तो विनामूल्य आहे, रात्रंदिवस चालूं असतो, आणि त्यावर आपलें नांव सांगावें लागत नाहीं.